काटा दुकानात न्या

कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला हळूहळू एक खोड लागते. समोरच्याचं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घ्यायच्या आत तो डोस सांगून मोकळा होतो. वरवट बकालला माझं असं दुकान आहे. कपाशी लाल पडली, सोयाबीनवर चक्रीभुंगा आला, हरभऱ्याला मर लागली की लोक रोप उपटून माझ्याकडे आणतात. मी चष्मा कपाळावर चढवतो, रोप उलटंसुलटं करतो, "हं" म्हणतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढतो. या "हं"वर माझा धंदा चालतो. त्यामुळे धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी यायची ठरली, तेव्हा हा सगळा कार्यक्रम माझ्या देखरेखीखाली होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका घरातल्या इतरांच्या मनात होती.

"तुयं सोताचं लगन नाई झालं, तुले लेकराचं काय समजते?" आजीने विचारलं.

"मी कपाशीचं झाड तरी कुठं हाये? पण कपाशीतलं समजते का नाई?" मी म्हटलं. आजीने याला उत्तर दिलं नाही, म्हणजे मुद्दा तिला पटला असा मी अर्थ काढला.

आमचे भाटवे पुण्यात नोकरीला. त्यांनी तिला रेल्वेत बसवून दिलं आणि मी शेगावच्या स्टेशनावर उतरवून घेतलं. गाडीच्या मागच्या सीटवर गाद्या अंथरल्या होत्या, चारी बाजूंनी उशा खोचल्या होत्या. शेगावाहून गावापर्यंत गाडी अशी जपून आणली, की वाटेत एका बैलगाडीवाल्याने मागून "भाऊ, बाजू द्या ना" म्हणून आवाज दिला. बहीण उशांमधून डोकं वर काढून म्हणाली, "दादा, मी मागच्या आठवड्यापर्यंत पीएमटीनं ऑफिसला जात होती." मी लक्ष दिलं नाही. पेशंटचं सगळंच ऐकायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातली उधारीची कोरी वही घरी आणून मी रकाने आखले. तारीख, वाढीची अवस्था, मात्रा, शेरा. हात सवयीचा. 'वाढीची अवस्था' या रकान्यात पेन आपोआप चाललं. बहिणीने संध्याकाळी वही उघडली आणि बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली.

"दादा, मी बोंडावर आली का?"

आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी ते पान फाडलं, पण नियोजन सोडलं नाही.

नियोजनाचा पहिला भाग गोळ्यांचा. सरकारी लाल गोळी असते ना, तिच्यात 60 मिलीग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. कॅल्शियमच्या दिवसातून दोन. हे सगळं कार्डावर आणि पुड्यावर असतं, आणि मी ते लेबल वाचणाऱ्या माणसाच्या बारकाईने वाचलं होतं. पण कधी द्यायचं ते लेबल सांगतं, कशासोबत द्यायचं ते मीच ठरवलं. सकाळी सातला लाल गोळी, पांढरी गोळी आणि कपभर कडक चहा, तिन्ही एका ताटलीत. एकदाच काय ते आटोपून टाकायचं. बहीण बिचारी मुकाट्याने घ्यायची, कारण नाही घेतलं तर मी वहीत लाल शाईने शेरा मारायचो.

आमच्या भागातल्या आशाताई एका सकाळी नेमक्या त्याच वेळी आल्या. ताटली पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हे तिन्ही एकाच टायमाले देता?"

"हो. रोज. नागा नाही."

"तुमच्या दुकानात शेतकरी आला अन् म्हणे, हे औषध अन् ते औषध एकाच पंपात घालतो, त तुमी काय सांगता?"

मी गप्प. कारण मी काय सांगतो ते सगळ्या संग्रामपूर तालुक्याला माहीत आहे. मी ओरडतो. 'फाटते ना बाप्पा औषध, पैसे पाण्यात घालता का' असं म्हणून पाचपन्नास लोकांसमोर त्याचा पाणउतारा करतो. आशाताईंनी तसं काहीच केलं नाही. चहातला तुरटपणा लोह अंगी लागू देत नाही, कॅल्शियमही त्याच्या आड येतं, म्हणून दोन गोळ्यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा, लाल गोळी लिंबूपाण्यासोबत दिली तर उत्तम, एवढं सांगितलं आणि पुढच्या घरी गेल्या. माझ्या त्या नियमित ताटलीतलं किती लोह बहिणीच्या अंगी लागलं असेल, याचा हिशोब मी वहीत केला नाही.

दुसरा भाग खाण्याचा. 'दोन जिवांची आहे' हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा म्हटलं जातं, की मी ते शब्दशः घेतलं आणि दोन माणसांचं ताट वाढायला लावलं. शेवटच्या महिन्यांत पोटुशी बाईला रोज जास्तीचं लागतं ते साधारण साडेतीनशे कॅलरींचं, म्हणजे एखादी ज्वारीची भाकर आणि वाटीभर घट्ट वरण. बाकी पाहायचं ते अन्न कसं आहे याकडे. डाळ, हरभरा, अंबाडीची भाजी, शेवगा, तीळ, गूळ-शेंगदाणे, अंडी चालत असतील तर अंडी. आमच्या वऱ्हाडात यातलं काही मुद्दाम शोधायला जावं लागत नाही. पण मी शोधायला गेलो. शेगावहून कचोऱ्या आणल्या, खामगावहून मिठाई आणली. तिला डोहाळे लागत नाहीत म्हणजे आपलं काहीतरी कमी पडतंय, असं मला वाटायचं. ती एक घास मोडून बाजूला सारायची आणि अन्नाची नासाडी नको म्हणून उरलेलं मी संपवायचो. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. तिथे तिच्याबरोबर गेलो असताना सिस्टरने तिचं वजन लिहून घेतलं, मग मी उगाच काट्यावर उभा राहिलो. सिस्टर म्हणाली, "बाईचं बरोबर वाढून रायलं. तुमचं थोडं जास्त आहे."

मधल्या काळात अक्षय्य तृतीया आली. आमच्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला त्या दिवशी शेतात घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याची, पिकांची भाकितं सांगतात. माझ्या धंद्याला ती भाकितं फार महत्त्वाची, त्यामुळे मी कान लावून ऐकतो. पण यंदा आमच्या ओट्यावरच एक स्वतंत्र घटमांडणी चालू होती. पोट पुढं आलंय, मुलगा. आंबट खाते, मुलगा. उजवा पाय आधी टाकते, मुलगाच. गर्भलिंग सांगायला बंदी घालणारा 1994 चा कायदा मशीनवाल्यांना धरतो, आमच्या गल्लीतल्या बायांना तो कोणी लावायचा? मी पोरगी झाली तरी पेढेच वाटणार असं जाहीर केलं, तेव्हा एका काकूंनी "असं तोंडून काढू नये रे" म्हणून माझं तोंड धरलं. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 855 मुली होत्या. तोंडून काढायला नको असा आकडा हा आहे.

मे उजाडला आणि मी रंगीत तालीम घेतली. आमच्या गावात ग्रामीण रुग्णालय आहे. घरापासून तिथवर झोपेत चालत गेलं तरी माणूस चुकणार नाही. तरी मी रात्री उठून गाडी काढली, वेळ लावली, वाटेतल्या गतिरोधकांची नोंद केली. अडचण आली तर पुढे न्यावं लागेल म्हणून शेगाव आणि खामगावच्या रस्त्यांचे खड्डेही वहीत मांडले. एक बॅग भरून गाडीच्या डिकीत ठेवली. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, गरज पडली तर सिझेरियन, आईचं जेवण, घरून नेणं आणि परत सोडणं हे 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, हे माहीत असूनही बनियनच्या आतल्या खिशात नोटांची गुंडाळी शिवून घेतली. मेच्या उकाड्यात ती गुंडाळी छातीला चिकटून बसायची.

कळा सुरू झाल्या तेव्हा मी दुकानात एका कंपनीच्या माणसाशी कमिशनवरून भांडत होतो. फोन काउंटरच्या खाली कुठेतरी. आईने दोनदा लावला, तिसऱ्यांदा 102 ला लावला. गाडी आली, आई आणि आशाताई बहिणीला घेऊन गेल्या. मला बातमी दिली ती शेजारच्या पानठेलेवाल्याने. डिकीतली बॅग छातीशी धरून मी धावत वॉर्डाच्या दारात पोचलो, तोवर माझी भाची जगात येऊन आईला लुचतसुद्धा होती. पहिल्या तासाच्या आत छातीला लावायचं आणि तो पिवळसर चीक अजिबात पिळून टाकायचा नाही, याकडे सिस्टरचं लक्ष होतं. बाळाचं ते पहिलं संरक्षण. सिस्टरने बॅग मागितली. मी मोठ्या रुबाबात चेन उघडली. आत टॉर्च, नायलॉनची दोरी, खड्ड्यांची वही, दुकानाचं पावती पुस्तक आणि कंपनीकडून फुकट आलेल्या, 'अधिक उत्पादनाचा विश्वास' असं पाठीवर छापलेल्या दोन टोप्या. दुपटं, मऊ जुनी लुगडी आणि बहिणीचे कपडे आईने कधीच पिशवीत भरून नेले होते.

भाचीचं वजन दोन किलो आठशे. मुलगी पाहून ओट्यावरचं हवामान खातं एकदम गप्प झालं. मी पेढे वाटले. त्या काकूंना दोन दिले.

आता मधाची गोष्ट. बाळाला मध चाटवायला मामाचं बोट लागतं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. खरं तर ते मीच ठरवलं असावं. सातपुडा आमच्या डोक्याशीच आहे, मेळघाटाच्या बाजूने एका ओळखीच्या माणसाकडून खास रानातला मध मी महिनाभर आधी आणवून ठेवला होता. बाटली काढताच बहीण बाजेवरून म्हणाली, "दादा, बाटली खाली ठेव." वर्षाच्या आतल्या लेकराला मध बिलकूल द्यायचा नाही. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांचं काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि लेकरू लुळं पडतं. बीजाणूंचा विषय निघाल्यावर कृषीवाल्याला वाद घालता येत नाही. तो मध मी भाकरीसोबत खाल्ला. फार चांगला होता.

घरी आणल्यावर मला वजनाचा ध्यास लागला. मोजता येईल असं माझ्या आवाक्यातलं तेवढंच होतं. दुकानात सुटं बियाणं आणि खत मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, पाच ग्रॅमपर्यंत अचूक. तो मी दुपारी गुपचूप घरी आणला, ताट साबणाने घासलं, वर दुपटं टाकलं, शून्य केलं आणि बहिणीचा डोळा लागल्यावर भाचीला अलगद वर ठेवलं.

दोन किलो सहाशे वीस.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. पुन्हा शून्य केलं, पुन्हा ठेवलं. तेच. दुकानात पोत्यामागे एवढी घट आली असती तर मी कंपनीचं नरडं धरलं असतं. लगेच भाटव्यांना पुण्याला फोन लावला आणि "माल घटून रायला" हेच शब्द माझ्या तोंडून गेले. ते घाबरले, त्यांनी त्यांच्या आईला सांगितलं, आईने नणंदेला, आणि संध्याकाळपर्यंत चार गावांतून एकच सल्ला आला. दूध पुरत नाही, डबा आणा. मी मेडिकलकडे निघालोच होतो. बहीण उठून बसली. "पोरगी दिवसातून सात-आठ वेळा लंगोट ओला करून रायली, तुले दिसत नाई? आत काही जात नसतं तर बाहेर कुठून येतं?"

हा प्रश्न इतका शेतकऱ्याच्या तर्काचा होता, की मी चपला पुन्हा काढल्या.

तिसऱ्या दिवशीच्या भेटीला आशाताई आल्या. आधी साबण मागितला, हात कोपरापर्यंत धुतले, हवेत वाळवले. पिशवीतून थर्मामीटर काढलं, झोळीचा टांगता काटा काढला. भाची निजलेली असताना घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट तिचा श्वास मोजला. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर धोक्याचं. मग वजन केलं, सगळं हातातल्या फॉर्मवर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर हाये." पहिल्या काही दिवसांत लेकराचं वजन जन्माच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, अंगातलं जास्तीचं पाणी जातं, आणि दहा-पंधरा दिवसांत ते भरून येतं. मी ऐटीत म्हटलं, "माझ्या काट्यावरही हेच आलं होतं."

"तुमचा काटा?"

मी कौतुकाने काटा आणून दाखवला. आशाताईंनी ताटाच्या कडेवरून बोट फिरवलं. खोबणीत गुलाबी भुकटी होती.

"हा कलर कायचा हाये, भाऊ?"

"बियाण्याचा."

"बियाण्याले असा कलर रायते?"

"बीजप्रक्रिया केलेलं..." इतकं बोललो आणि माझा आवाज बसला. तो रंग बियाण्याला यासाठीच देतात, की ते औषध लावलेलं आहे, कोणी चुकून खाऊ नये. पोत्यावर कवटीचं चित्र असतं. ते चित्र मी रोज शेतकऱ्यांना बोट ठेवून दाखवतो.

"काटा दुकानात न्या," आशाताई म्हणाल्या. "अन् तुमीबी दुकानातून आल्यावर आंगधुणं करून, कपडे बदलूनच लेकराजवळ येत जा."

त्या दिवसापासून माझे दुकानातले कपडे अंगणातल्या वेगळ्या बादलीत जातात. आजी म्हणते, म्हाताऱ्यांनी सांगितलेलं सोवळं पोरांना पटत नव्हतं, आता औषधाच्या वासाने पटलं.

आशाताई निघाल्यावर मी त्यांच्या हातातला तो फॉर्म आठवत बसलो. या फॉर्मचं मूळ विदर्भातलंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन, तापमान, जंतुसंसर्ग ओळखणं, सगळं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले, तेव्हा त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले होते. 2011 पासून हीच पद्धत देशभर आशांच्या हाती आली. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी भेट. या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की मिळून 250 रुपये, असा मोबदला तेव्हा ठरला होता. मी एका "हं"चे याहून जास्त घेतो.

शेवटची लढाई उन्हाची. बाहेर 44 अंश आणि आजीने बाजेखाली शेगडी ठेवलेली. ओव्याची धुरी, खिडक्या बंद, दाराला गोधडी. "तुया बापाले म्या असंच वाढोलं." वडील जानेवारीतले आहेत, हे मी निदर्शनास आणलं. बंद खोलीत कोळशाचा धूर बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकतो, हेही सांगितलं. मग माझा उपाय म्हणून मी कूलर आणून थेट भाचीच्या समोर लावला. पाच मिनिटांत ती शिंकली आणि आजीने मला काठी दाखवली. म्हणजे या बाबतीत आम्ही दोघंही सारखेच हुशार. तोडगा पुन्हा आशाताईंचा. कूलर दाराबाहेर, झोत बाळावर नाही, खोलीत हवा खेळती, अंगात पातळ सुती झबलं. आणि खोलीचं तापमान मोजत बसायचं नाही, हात लावून पाहायचं. पोट गरम आणि तळपाय गार लागले तर लेकराला थंडी वाजतेय, दोन्ही सारखे कोमट लागले तर लेकरू मजेत. शेगडी अंगणात गेली. डिंकाचे लाडू आणि हाळिवाची खीर मात्र आजीच्याच हातची चालू राहिली, त्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. उरलेली खीर मी खात होतो.

पाण्याचं राहिलंच. खारपाणपट्ट्यातला माणूस पाण्याच्या बाबतीत हळवा असतो. एवढ्या उन्हात पोरीला चमचाभर तरी पाणी, असं म्हणून मी जारचं पाणी उकळून, गार करून, वाटी-चमचा धुऊन हजर झालो. बहीण माझ्याकडे पाहून नुसती मान हलवत राहिली. आईच्या दुधात 88 टक्के पाणीच असतं. सहा महिने वरचं पाणी नाही, गुटी नाही, ग्राइपवॉटर नाही, कितीही ऊन असो. तहान लागली की लेकरू दूध मागतं. पाणी प्यायचं ते आईने. ती वाटी मी तिलाच दिली. दोन महिन्यांत माझ्या हातून बरोबर माणसाला बरोबर गोष्ट पोचली, असं बहुधा पहिल्यांदाच झालं.

आता भाची दीड महिन्याची झाली. वजन भरून पुढे गेलं, दवाखान्यातली पहिली लस झाली होतीच, आता सहाव्या आठवड्याच्या लसीही झाल्या. आशाताईंची 42 व्या दिवसाची भेट संपली. नाव आत्याने ठेवलं, मला विचारलं नाही.

तेव्हा वाचकहो, घरी बाळंतीण असेल आणि आशाताई दारात आल्या, तर चहा नंतर विचारा, आधी साबण आणि पाणी द्या. त्या काय सांगतात ते बसून ऐका. लाल गोळी चहासोबत देऊ नका. आणि तुमच्या घरात बाळाचा मामा कृषी सेवा केंद्रवाला असेल, तर जूनमध्ये दुकानात बियाण्याला किती गर्दी असते, याची त्याला रोज सकाळी न चुकता आठवण करून द्या.